पाहुणे आले, वरण वाढवा

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आमच्या लॅबमध्ये आले. जळगावला एमआयडीसीच्या रस्त्यावर दोन खोल्यांची ही लॅब आहे, पाणी तपासून रिपोर्ट देणारी. मालक दुसरेच आहेत, मी तिथे केमिस्ट आहे. गृहस्थांच्या हातात पाच लिटरचा कॅन होता. तो टेबलावर ठेवून म्हणाले, "आम्ही कारखान्याचं पाणी शुद्ध करून बाहेर सोडतो ना मॅडम, ते आहे. रिपोर्ट तेवढा पास करून द्या." मी झाकण उघडलं. वास नाही, रंग नाही, फेस नाही. कारखान्यातून असं पाणी निघत असतं तर मी घरी नेऊन तुळशीला घातलं असतं. सरळसरळ बोअरचं पाणी होतं. मी कॅन उचलला, सगळं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि रिकामा कॅन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "आता खरं घेऊन या."

ते म्हणाले, "तुम्ही फार तापट आहात बुवा."

आहे. घरचेही हेच म्हणतात. मालकांनी संध्याकाळी मला समोर बसवलं आणि गिऱ्हाइकाशी असं वागून चालत नाही हे समजावलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण त्यांचं काही चुकत नव्हतं. राग त्या गृहस्थांचा नव्हताच. 'पाणी मानकांच्या आत आहे' हे वाक्य मी स्वतः चार वर्षं लिहिलं, खाली सही केली, आणि त्यापायी एका माणसाचं काय झालं ते मला माहीत आहे. ते वाक्य कुठे दिसलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. नेमकं काय झालं ते एकदा सांगूनच टाकते.

मी मूळची धुळ्याची. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, सरकीचं तेल रिफाइन करणाऱ्या एका कंपनीत लागले. सकाळी धुळ्याहून कंपनीची बस निघायची, संध्याकाळी परत आणून सोडायची. सरकीचं तेल घाण्यातून निघतं तेव्हा काळपट असतं. ते खाण्याजोगं पिवळं करायला कॉस्टिक लागतं, ॲसिड लागतं आणि ढीगभर पाणी लागतं. तेल पिवळं होऊन डब्यात जातं, काळेपणा पाण्यात उतरतो. त्या पाण्याला एक आंबट, खवट वास असतो आणि तो केसांत बसतो. पहिल्या वर्षी आई मला दारातच अडवायची, आधी मोरीत जा, मग घरात ये.

हे पाणी तसंच बाहेर सोडता येत नाही. कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, मंडळाने ठरवून दिलेले आकडे आहेत. म्हणून कंपनीत पाणी शुद्ध करायचा प्लांट असतो. आधी वर आलेलं तेल निथळून काढायचं, मग चुना टाकून आंबटपणा मारायचा, गाळ खाली बसवायचा आणि शेवटी पाणी हवेच्या टाकीत सोडायचं. त्या टाकीत जिवाणू असतात. ते घाण खातात आणि त्यावर जगतात. त्यांना हवा लागते, म्हणून एक मोठा ब्लोअर चोवीस तास टाकीत हवा फुंकत राहतो. इतकं साधं आहे. यात न जमण्यासारखं काहीही नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो तो मला 'टेक्निकल अडचणी' ऐकवत होता.

प्लांटवर ऑपरेटर होते नाना. सगळी कंपनी त्यांना नानाच म्हणायची. साठीला टेकलेले, सातवीपर्यंत शिकलेले, शेजारच्याच गावचे. वसाहतीच्या मागून नाला जातो, त्याच्या काठाला त्यांचं चार बिघे शेत, शेतात विहीर, आणि विहिरीपासून पन्नास पावलांवर घर. मी पुस्तकातून शिकून आले होते, नाना नाकाने शिकले होते. टाकीच्या कठड्याला धरून ते वास घ्यायचे, फेसाकडे बघायचे आणि म्हणायचे, "ताई, आज टाकी भुकी शे." मग बादलीभर शेणकाला आणि गुळाचे दोन खडे टाकीत जायचे. शेण त्यांच्याच म्हशीचं, घरून पाटीत आणलेलं. मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघायचे तेव्हा मला कळायचं की जिवाणू खरोखरच कमी झालेत. नानांचा अंदाज चुकला असं मला एकदाही आठवत नाही.

चुकायचे ते आमचे मॅनेजर. चुकायचे म्हणजे काय, ठरवून चुकायचे. ब्लोअरला वीज लागते ना. मॅनेजर म्हणायचे, "चोवीस तास फुंकायला तो काय लग्नातला बँड आहे?" मग ब्लोअर सकाळी चालू आणि संध्याकाळी सहाला बंद. जिवाणू गुदमरून मरायचे. सकाळी बसमधून उतरलं की गेटवरच सडक्या अंड्यांचा वास यायचा आणि टाकी मेल्याचं तिथेच कळायचं. नाना पुन्हा शेण आणायचे, टाकी जेमतेम सावरायची, आणि संध्याकाळी पुन्हा बटण बंद. पाणी काही थांबत नव्हतं. काळपट, वर तेलाची साय धरलेलं, ते रोज मागच्या नाल्यात जात होतं. मी दोनदा मॅनेजरांकडे गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बाळ, तू मन लावून काम करतेस ते मला आवडतं. पण प्लांट मी चालवतो." त्यांचं ते बाळ आठवलं की अजून माझे दात आवळले जातात.

मग तपासणीचं काय, असं कोणीही विचारेल. तपासणीसाठी आमच्याकडे एक शब्द होता. वरण.

घरी अचानक पाहुणे आले की बायका जे करतात तेच. वरण मोजकं असतं, मग घरची बाई पातेल्यात दोन तांबे पाणी ओतते आणि सगळ्यांना पुरवते. कंपनीत मंडळाच्या साहेबांना पाहुणे म्हणायचं. ते आले की वॉचमन मॅनेजरांना फोन करणार. मॅनेजर त्यांना केबिनमध्ये बसवणार, चहा आणि शेव समोर ठेवणार, आणि त्यांच्यादेखतच प्लांटच्या फोनवर सांगणार, "पाहुणे आलेत, वरण वाढवा." साहेबांना वाटणार, काय अगत्याचा माणूस आहे. इकडे नानांनी उठायचं आणि बोअरच्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडायचा. शेवटच्या टाकीत स्वच्छ पाणी धो धो पडायचं. चहा, गप्पा, ओळखीपाळखी होईपर्यंत टाकीतली घाण पार पातळ झालेली असायची. मग साहेब येणार, बाटल्या भरणार, सील करणार, आणि महिन्याभराने रिपोर्ट येणार की पाणी मानकांच्या आत आहे. पुढे पाण्याचे आकडे थेट मंडळाला पाठवणारं ऑनलाइन मीटर बसवा असा हुकूम आला. आम्ही मीटर बसवलं आणि त्याची टाकीत बुडवायची दांडी बोअरच्या पाण्याच्या बादलीत सोडून ठेवली. त्या बादलीला कोणी हात लावायचा नाही, एवढी एकच सूचना होती.

हा शब्द कोणाच्या डोक्यातून निघाला मला माहीत नाही. कोणाच्याही निघो, त्याचा मला संताप आहे. माझी आई वरण वाढवते तेव्हा पाहुण्याच्या वाटीत खालची घट्ट डाळ घालते आणि स्वतः वरचं पाणी घेते. तिच्या तोंडचा शब्द उचलून या लोकांनी लबाडीला लावला, आणि वर त्यावर हसायचे.

माझं काय चाललं होतं? मी दर महिन्याला कंपनीचा स्वतःचा रिपोर्ट करायचे. तो नमुनाही वरण वाढवलेल्या टाकीतूनच यायचा. मी मनाशी एक सोयीचं उत्तर ठरवून टाकलं होतं. बाटलीत जे येतं ते मी प्रामाणिकपणे तपासते, बाटली कशी भरली ते बघणं माझं काम नाही. असली उत्तरं शिकलेल्या माणसांनाच सुचतात. नानांना व्हॉल्व्ह फिरवताना मी बघत होते आणि तासाभराने त्याच पाण्याचा आकडा सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

त्या वर्षी चैत्रात एके दिवशी नाना थंड पेयाच्या जुन्या बाटलीत पाणी घेऊन आले. म्हणाले, "ताई, आमनी हिरनं पानी एकदाव तपासी दे ना. वर साय येस. म्हैस तोंड लावत नही." हीर म्हणजे त्यांची शेतातली विहीर. मी म्हटलं, ठेवा, करते.

जेवणाच्या सुट्टीत मी ते करायला घेतलं. चाचणी काही अवघड नाही. पाण्यात ॲसिड घालून ते दोन तास उकळायचं, गार झालं की वरून थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि रंग विटकरी झाला की थांबायचं. किती द्रावण लागलं त्यावरून पाण्यात घाण किती आहे ते निघतं. विहिरीच्या पाण्यात ती जवळपास नसायलाच हवी. मी एकदा केलं. काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. दोन्ही वेळा एकच आकडा आला. ते विहिरीचं पाणी राहिलंच नव्हतं. ते आमच्या नाल्याचं पाणी होतं, जमिनीतून झिरपून पलीकडे निघालेलं. पिण्याचं तर सोडाच, कपाशीला द्यायच्याही लायकीचं नव्हतं.

मी आकडा कागदावर लिहिला आणि कागद ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली ठेवला.

दोन दिवसांनी नाना म्हणाले, "व्हयना का रिपोर्ट?" मी म्हटलं, "नाना, एक केमिकल संपलंय. आलं की करते." आठवड्याने त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तिसऱ्यांदा काय सांगितलं ते आता आठवतही नाही. माझा हिशेब असा होता: नानांना सांगितलं तर ते गावात बोलतील, गाव कंपनीच्या दारात येईल, मंडळ येईल, आणि माझे इतक्या वर्षांचे रिपोर्ट बाहेर निघतील. मी घाबरले होते, याला दुसरा शब्द नाही. त्या विहिरीचं पाणी नानांचं घर पीत होतं, हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी मूग गिळून बसले. मग नानांनी विचारणं सोडून दिलं आणि मला हायसं वाटलं. घाबरल्याचं मी स्वतःला एक वेळ माफ करीन, पण ते हायसं वाटणं नाही करणार.

वैशाखातला एक दिवस. कॅन्टीनमध्ये वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती, कोणाच्या तरी मुलीचा निकाल चांगला लागला म्हणून. अकराच्या सुमारास प्लांटचा फोन वाजला. ऑपरेटरची केबिन आणि माझी लॅब यांच्यामध्ये नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. नाना म्हणाले, "हा साहेब. पाहुना. वरण. हा, हा." फोन ठेवला. खिडकीतून मी त्यांना टोपी सारखी करत बाहेर पडताना पाहिलं. व्हॉल्व्ह डावीकडे होता. नाना उजवीकडे वळले आणि कॅन्टीनच्या दिशेने चालू लागले. मला वाटलं, तंबाखूला चुना मागायला गेले असतील, येतील.

तिथे काय झालं ते कॅन्टीन चालवणाऱ्या अक्कांनी नंतर सगळ्यांना सांगितलं. नाना दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, पाहुना उनात. वरण वाढाडी दे." अक्कांनी पातेल्यात दोन तांबे पाणी ओतलं, वरून मीठ टाकलं. नाना तिथेच बाकावर टेकले आणि बसून राहिले.

वीस-पंचवीस मिनिटांनी मंडळाचे साहेब प्लांटवर आले. मॅनेजर पुढे चालत होते, मागे वळून हसत हसत काहीतरी सांगत होते. शेवटच्या टाकीजवळ पोचले आणि त्यांचं हसू तिथेच थिजलं. टाकीत खरं पाणी होतं. काळपट, दाट, वर साय. साहेबांनी दोरीने बाटली खाली सोडली, भरली, दुसरी भरली, दोन्ही सील केल्या आणि कागदावर मॅनेजरांची सही घेतली. जेवून जा म्हणायचंही मॅनेजरांना सुचलं नाही. मी लॅबच्या दारात उभी होते. आता माझे रिपोर्टही बाहेर निघणार हे दिसत होतं, आणि तरी आत कुठेतरी बरंही वाटत होतं.

दुपारी सगळे जेवायला बसले तर वरण इतकं पातळ की बट्टीचे तुकडे त्यात तरंगत होते. अक्का म्हणाल्या, नानाच सांगून गेले. तेव्हा उलगडा झाला. आधी एक जण हसला, मग सगळं कॅन्टीन. मॅनेजर तरातरा आले आणि सगळ्यांसमोर नानांवर बरसले, "अक्कल गहाण ठेवलीय का? वरण म्हणजे जेवणाचं वरण समजलात?" नाना उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगं ना, वरण वाढाडा. मी वाढाडं." पुन्हा हशा पिकला. मीही हसले. इतकंच नाही, पुढच्या आठवड्यात चाळीसगावला मावशीकडे लग्न होतं, तिथे मी हा किस्सा मांडवात रंगवून सांगितला. नानांचा आवाज काढून दाखवला. मावशीच्या जावांना हसून हसून ठसका लागला. जो माणूस तो व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं दर वेळी बरोबर फिरवत आला, तो त्याच दिवशी कसा चुकला, एवढं विचारायला माझी पदवी कमी पडली.

रिपोर्ट आला. घाणीचा आकडा जिथे तीन आकडी असायला हवा तिथे चार आकडी होता, आणि सोबत कारखाना बंद का करू नये अशी नोटीस. मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि नोटिशीला उत्तर म्हणून टाइप केलेला कागद समोर सरकवला. त्यात लिहिलं होतं की सदर ऑपरेटर अल्पशिक्षित असून त्यास साध्या सूचनांचे आकलन होत नाही. त्या दिवशी त्याच्या चुकीमुळे यंत्रणा बंद राहिली. एरवी पाणी मानकांच्या आत असते. खाली केमिस्ट म्हणून माझं नाव आधीच छापलेलं होतं.

मी म्हटलं, "सर, यंत्रणा तर रोजच बंद असते."

ते शांतपणे म्हणाले, "मग तुझे आजपर्यंतचे रिपोर्ट खोटे का? काढू का कपाटातून?"

मी सही केली. वाद घातला नाही, उद्या करते म्हटलं नाही, रडलेही नाही. पेन घेतलं आणि केली. नानांना त्याच दुपारी कामावरून काढलं. त्यांनी शेणाची पाटी, पंचा आणि चुन्याची डबी पिशवीत भरली, लॅबच्या दारात येऊन निरोप घेतला, "येस मी, ताई," आणि गेले.

नोटिशीची भीती मात्र खरी होती. ब्लोअर चोवीस तास चालू झाला, बादलीतली दांडी निघून टाकीत गेली. महिनाभरात पाणी निवळलं. एक थेंबही वरण न वाढवलेलं, खरंखुरं पाणी मानकांच्या आत आलं. मी ते तीन वेळा तपासलं. तिसऱ्यांदा रंग विटकरी झाला तेव्हा माझा जो संताप झाला तो आजपर्यंत उतरलेला नाही. म्हणजे जमत होतं. कसल्या टेक्निकल अडचणी नव्हत्या. एक बटण चालू ठेवायचं होतं. इतकी वर्षं खोटं बोललो, नाला नासवला, एका घराची विहीर नासवली, ते एका बटणासाठी. मॅनेजरांनी त्या आठवड्यात गेटवर पाणी वाचवा असा बोर्ड लावला आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

मी ड्रॉवरमधून तो कागद काढला आणि रविवारी नानांच्या घरी गेले. नानांची बायको डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन गावाकडून येत होती. गुडघ्यांनी अधू बाई, दर चार पावलांना थांबत होती. विहीर दारात आणि पाणी गावातून. मी हंडा घ्यायला पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे माय, तुले सवय नही." नाना बाजेवर बसले होते. त्यांनी मला बसायला जागा करून दिली.

मी म्हटलं, "नाना, तुमच्या विहिरीचा रिपोर्ट चैत्रातच झाला होता. मी लपवला. पाणी फार खराब आहे."

नाना फक्त "हं" म्हणाले.

मी म्हटलं, "मी मंडळाला सगळं लिहून देते. आत्ता, इथे बसून." कोरे कागद सोबत घेऊनच गेले होते. तासभर लिहीत होते. ब्लोअर, बोअरची लाइन, बादली, माझे रिपोर्ट, विहिरीचा आकडा, सगळं. लिहून झालं तेव्हा नाना म्हणाले, "वाची दखाड." मी वाचत गेले. शेवटी एक वाक्य होतं, त्या दिवशी ऑपरेटरच्या चुकीमुळे मंडळाकडे पहिल्यांदा खरा नमुना गेला.

नानांनी हात वर केला. "चूक खोड."

"म्हणजे?"

"ती चूक नव्हती. इतला साल तो व्हाल मीच फिरावस. वरण म्हन्जे काय, हाई मले समजत नही का?"

मी कागद खाली ठेवला. विचारलं, "विहिरीचं तुम्हाला कधी कळलं?"

"तू मना कॅनमातलं पानी पेवानं सोडी दिधं ना, त्याच रोज."

मी नोकरीला लागल्यापासून धुळ्याहून पाण्याची बाटली नेतच नव्हते. नाना घरून पाण्याचा कॅन आणायचे, मीही त्यातलंच प्यायचे, विहिरीचं. त्या दुपारी चाचणी केली आणि दुसऱ्या दिवसापासून मी बाटली न्यायला लागले. कोणाचं लक्ष नसेल असं मला वाटलं होतं. नानांनी त्याच संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आपली हीर गेली, आणि तेव्हापासून ती गावातून पाणी आणत होती.

"पण मग तुम्ही मला रिपोर्ट विचारत होतात ते?"

"तीनदाव इचारं," नाना म्हणाले. "म्हनं, सांगशी."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बसता आलं असतं तिथे. मी एक कागद ड्रॉवरमधून बाहेर काढला असता तर जे झालं असतं, त्यासाठी या माणसाने साठाव्या वर्षी नोकरी घालवली आणि शंभर माणसांसमोर अडाणी ठरून टोपी हातात घेतली. मी 'चुकीमुळे' हा शब्द खोडला. वर काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, "लिख, जानीसन." मी लिहिलं, ऑपरेटरने जाणूनबुजून. त्यांनी खाली आपली सही केली, सातवीतल्या अक्षरात, पूर्ण नाव लिहून.

तो कागद मी मंडळाला दिला, नोकरी सोडली, जळगावला आले. मंडळाने माझा आणि नानांचा जबाब घेतला, चौकशी चालू आहे. विहिरीवर अजून साय येते. पण या माणसाला साध्या सूचनांचं आकलन होत नाही, असं लिहिलेला दुसरा कागद कंपनीच्या फायलीत आहे. त्याच्या खाली माझी सही आहे, आणि तिथलं काही मला खोडता येत नाही.